कानउघाडणी

[जे आपल्या ओळखीचे नाही ते वाईटच असणार, असे मानण्याकडे मनाचा कल असतो. आयुष्यभर मुलांना विवेकाचे धडे देणाऱ्या एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांना स्वतःचा हा दोष कसा उमगला, हे त्यांनी प्रस्तुत पाठात मोकळेपणाने सांगितले आहे.]

बालमित्रांनो, 'कानउघाडणी' हा शब्द तुम्हांला चांगलाच परिचयाचा असेल. चुकणाऱ्यास वडीलधाऱ्यांनी दिलेली स्पष्ट समज, असा त्याचा अर्थ. मुख्याध्यापक या नात्याने मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांची कानउघाडणी केली. परंतु माझी कानउघाडणी केली ती माझ्या तेरा वर्षांच्या नातवाने. आणि त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ मला त्या दिवशी प्रथमच कळला.

आमच्या घराला गाणे नवे नाही. माझ्या वडिलांना नाट्यसंगीताचा नाद होता. रविवारी सकाळी बालगंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावून ते डोळे मिटून बसत, आणि त्या वेळी घरात कोणी भांड्याचा आवाज केलेलाही त्यांना खपत नसे. पुढे मीही थोडेफार गाणे शिकलो. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आजही गवसणी घातलेला तंबोरा उभा आहे. त्यामुळे संगीत कशास म्हणावे आणि कशास म्हणू नये, हे आपणांस पक्के कळते, असा माझा समज होता. समज आणि गैरसमज ह्यांत अंतर फार थोडे असते, हे मात्र मी विसरलो होतो.

माझा नातू गिटार शिकतो. शिकवणीहून आला, की त्या दिवशीचा धडा तो मला वाजवून दाखवी. एके दिवशी दुपारी मी आडवा झालो होतो. इतक्यात शेजारच्या खोलीतून असा काही आवाज उसळला, की जणू पत्र्याच्या छपरावर गारांचा मारा व्हावा आणि त्यातच कोणी उंच सुरात टाहो फोडावा! मी तसाच उठलो आणि दारात जाऊन कडाडलो, "बंद कर आधी तो गोंगाट! ह्याला का संगीत म्हणतात?"

"आजोबा, ह्याला पॉवर मेटल म्हणतात. तुम्ही जरा ऐका तरी, हे लोक..."

"मला त्याचे नावही नको नि गावही नको. बंद कर म्हटले ना!"

त्याने निमूटपणे आज्ञा पाळली. परंतु त्या दिवसापासून त्याने आणखी एक गोष्ट बंद केली, ती म्हणजे माझ्याशी बोलणे. तो उद्धटपणा करीत नसे. "आजोबा, जेवायला चला," एवढे तो रोज म्हणे. पण संध्याकाळी गिटार घेऊन येणे थांबले. कानांना हेडफोन लावून तो आपल्या खोलीत बसू लागला. माझ्या पत्नीने विचारले, "अहो, पोर असे गप्प का झाले? तुम्ही काही बोललात का त्याला?" मी म्हणालो, "जे योग्य तेच बोललो."

असे आठ-दहा दिवस गेले. एके रात्री नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्याने आपली निबंधाची वही तपासण्यासाठी माझ्या मेजावर ठेवली आणि तो झोपावयास गेला. निबंधाचा विषय होता 'माझा छंद'. मी लाल शाईचे पेन उघडले. अक्षर नेटके होते, शुद्धलेखनही निर्दोष होते. वाचता वाचता मी एका वाक्याशी अडखळलो. त्याने लिहिले होते : 'न वाचता पुस्तकाला नावे ठेवू नयेत, असे माझे आजोबा सांगतात, परंतु न ऐकता गाण्याला नावे ठेवलेली त्यांना चालतात.'

मी ते वाक्य तीन वेळा वाचले. त्यात व्याकरणाची चूक नव्हती. दुसरीही कोणती चूक नव्हती. 'न वाचता पुस्तकाला नावे ठेवू नयेत' हे वाक्य मी वर्गावर्गांतून शेकडो वेळा उच्चारले होते. आता तेच वाक्य आरशासारखे माझ्यासमोर उभे होते. लाल पेन मी तसेच मिटून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "त्या दिवशीचे ते गाणे लाव पाहू."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिले. "कोणते? तो गोंगाट?"

"हो, तोच. आज मी तो नीट ऐकणार आहे."

ऐकण्यापूर्वी मी त्याच्याकडून सारी माहिती विचारून घेतली. 'हेवी मेटल' ह्या नावाचे संगीत १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये उदयास आले. विजेवर चालणारी गिटार, तिचा जाड खरखरीत स्वर आणि ढोलांचा दणका ही त्याची लक्षणे. पुढे १९८० नंतरच्या दशकात त्याची एक शाखा विशेषेकरून जर्मनीत वाढली. तीच ही 'पॉवर मेटल'. हिच्यात वेग फार, गायकाचा आवाज उंच, चाली ठसठशीत आणि सूर बहुधा वीररसाचा. आम्ही जो अल्बम ऐकणार होतो, त्याचे नाव 'एंजल्स क्राय', म्हणजे 'देवदूत रडतात'. 'आंग्रा' नावाच्या बँडचा, म्हणजे गायक-वादकांच्या मेळाचा, तो पहिलाच अल्बम. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की हे तरुण जर्मन नव्हते. ते दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाच्या साओ पाउलो ह्या महानगरातले. ह्या संगीताचे एक माहेरघर म्हणजे जर्मनीतील हॅम्बर्ग शहर. अटलांटिक महासागर ओलांडून ही मुले तेथे गेली आणि त्यांनी आपला अल्बम तेथे ध्वनिमुद्रित केला. त्या वेळी त्यांचा गायक आंद्रे मातोस आणि गिटारवादक किको लोरेरो हे दोघेही अवघे विशीतले होते.

आम्ही अल्बम आरंभापासून अखेरपर्यंत ऐकला. त्यात दहा रचना आहेत आणि त्या ऐकावयास जवळजवळ एक तास लागतो. मी तुम्हांला प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या खेपेस मला त्यातले काहीही आवडले नाही. डोके मात्र ठणकू लागले. नातवाच्या चेहऱ्यावर 'मला ठाऊकच होते' असा भाव उमटला. परंतु एक गोष्ट माझ्या कानांत अडकून राहिली होती. मी म्हणालो, "त्याचा अगदी आरंभ पुन्हा ऐकव."

तो आरंभ सव्वा मिनिटाचाच आहे. त्यात गोंगाट नाही. तंतुवाद्यांच्या मेळाचे गंभीर स्वर आहेत. त्याचे नाव आहे 'अनफिनिश्ड अलेग्रो', आणि ह्या नावातच त्याचे मूळ दडलेले आहे. फ्रांझ शूबर्ट हा ऑस्ट्रियाचा थोर संगीतकार. त्याने १८२२ साली एक मोठी वाद्यरचना लिहावयास घेतली. तिचे दोनच भाग पूर्ण झाले. पुढे १८२८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो वारला. ती अपुरी रचना १८६५ पर्यंत कोणी जाहीरपणे वाजवलीच नाही. म्हणजे त्रेचाळीस वर्षे ते अमृत कोणाच्या कानांवर पडले नव्हते! आज 'अपूर्ण सिंफनी' ह्या नावाने ती जगप्रसिद्ध आहे. ब्राझीलच्या ह्या मुलांनी आपल्या पहिल्या अल्बमच्या उंबरठ्यावर त्याच रचनेतील सुरावट मांडली होती. एखाद्या गायकाने मैफलीच्या आरंभी गुरूचे स्मरण करावे, तसेच मला ते वाटले. मातोसने संगीतरचनेचे आणि वाद्यवृंद-संचालनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, असे मला नंतर कळले. ज्यांना मी अडाणी समजलो होतो, ते अभ्यासू विद्यार्थी होते!

मग मी एक युक्ती योजली. सारा आवाज एकदम ऐकावयाचा नाही; एका वेळी एकाच वाद्याच्या मागे जावयाचे. गर्दीच्या जत्रेत ओळखीचा माणूस शोधताना आपण असेच करतो.

प्रथम मी ढोलांकडे कान दिला. वादक दोन्ही पायांनी मोठे ढोल वाजवतो, म्हणून घोडदौडीसारखा अखंड नाद उठतो. त्याच्यावरून गायकाची चाल मात्र सावकाश, लांब लांब पावले टाकीत जाते. हे ध्यानात येताच माझा गोंधळ ओसरला. वेग तळाशी होता आणि गाणे त्याच्यावर तरंगत होते. आगगाडीची चाके खडखडत असतात, पण खिडकीतून दिसणारा दूरचा डोंगर संथपणे सरकतो, तसे ते होते. मी इतका वेळ चाकांकडेच पाहत राहिलो होतो.

नंतर मी गिटारीच्या खरखरीकडे वळलो. नातवाने मला तिचे कारण सांगितले. गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकातून त्याच्या सामर्थ्यापलीकडे वाढवला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात; त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर ठळकपणे उमटतात, आणि तो जाड, गुरगुरता नाद तयार होतो. हे ऐकताच माझी दृष्टी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे गेली. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून आपण तारेचा नाद मुद्दाम गुणगुणता करतो, आणि त्या गुणगुणण्यातूनच उपस्वरांचे इंद्रधनुष्य फुलते. दोहोंची रीत निराळी, नादाची प्रकृतीही निराळी. परंतु स्वच्छ स्वर थोडा खरबरीत करून तो भरदार करावा, ही ओढ मात्र एकच. ज्या गुणासाठी मी तंबोऱ्याची पूजा करीत होतो, त्याच्याच दूरच्या नातेवाइकाला मी दारातून हाकलून दिले होते!

सहाव्या गाण्याने तर मला चकितच केले. त्याचा आरंभ ब्राझीलच्या ईशान्य भागातील 'बायाओ' नावाच्या लोकसंगीताच्या ठेक्यावर होतो. तेथील खेडुतांच्या नाचगाण्यांत अकॉर्डियन, ढोल आणि लोखंडी त्रिकोण ही वाद्ये असतात. तो ठेका ह्या मुलांनी आपल्याबरोबर थेट हॅम्बर्गला नेला होता. आणखी एका गाण्यात इटालियन संगीतकार विवाल्डी ह्याच्या 'चार ऋतू' ह्या रचनेतील हिवाळ्याची सुरावट कानी पडते. परदेशातली विद्या त्यांनी मनापासून शिकून घेतली; पण घरचे धन ते घरी विसरून गेले नाहीत. असा विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला आवडणार नाही?

राहता राहिला तो गायकाचा उंच आवाज. मी त्याला 'टाहो' म्हटले होते. ह्या अल्बममध्ये केट बुश ह्या इंग्लिश गायिकेचे 'वदरिंग हाइट्स' हे १९७८ सालचे गाणे मातोसने गायिले आहे. एका कादंबरीतील नायिकेच्या तोंडचे ते गाणे ह्या पुरुषाने त्याच उंच पट्टीत, मोठ्या हळुवारपणे म्हटले आहे. "पुरुषाने बाईसारखे गावे?" असे मी म्हणणार होतो, पण शब्द ओठांवरच थबकले. माझे वडील ज्या गायकासाठी डोळे मिटून बसत, ते बालगंधर्व रंगभूमीवर सुभद्रा, भामिनी, सिंधू ह्या स्त्री-भूमिकांसाठीच प्रसिद्ध होते! मी मुकाट्याने गाणे पुन्हा ऐकले. ह्या खेपेस मीही डोळे मिटून घेतले होते. गाणे संपल्यावर नातू हळूच म्हणाला, "आजोबा, हा गायक २०१९ साली वारला. ४७ वर्षांचाच होता." मला वाईट वाटले. ज्या आवाजाला मी दाराबाहेरून रागावलो होतो, त्याला आता कौतुकाचा एक शब्द ऐकवण्याचीही सोय उरली नव्हती.

म्हणून सारेच मला आवडू लागले, असे समजू नका. काही गाणी मला लांबल्यासारखी वाटली. गिटारीच्या ताना कोठे कोठे केवळ बोटांची चपळाई दाखवण्यासाठी घेतल्या आहेत, असे माझे मत आहे. पहिल्या कृतीत तरुण माणूस आपले सारे भांडार एकाच वेळी उघडून दाखवू पाहतो, तसेच येथेही झाले आहे. मी हे नातवाला सांगितले. त्याला राग आला नाही. उलट, माझ्याशी वाद घालण्यासाठी तो गिटार घेऊन आला! त्या वेळी मला उमगले, की माझे मत त्याला कधीच नकोसे नव्हते. त्याला सलत होते ते इतकेच, की मी न ऐकताच मत दिले होते.

अशी चूक करणारा मी एकटाच नव्हे. पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, उदाहरण घ्या. हे वाद्य मूळचे युरोपातले. आपल्या संगीतातील सूक्ष्म श्रुती तिच्यातून निघत नाहीत, असा जाणकारांचा आक्षेप होता. त्यात तथ्यही होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. आज मात्र भजनात, कीर्तनात आणि नाट्यसंगीतात पेटी नसेल, तर आपल्याला चुकल्यासारखे वाटते. कालचा परका आज घरचा झाला आहे. आक्षेप घेण्यास हरकत नाही. परंतु आक्षेप हा ऐकण्याच्या शेवटी यावा, आरंभी नव्हे.

त्या रात्री नातवाने आपण होऊन विचारले, "आजोबा, पणजोबांची ती बालगंधर्वांची ध्वनिमुद्रिका ऐकवता का?" मी ती लावली. तो शेवटपर्यंत स्वस्थ बसला. नंतर कान खाजवीत म्हणाला, "छान आहे, पण जरा संथ वाटते."

मी हसून म्हणालो, "पुन्हा एकदा ऐक."

तो झोपावयास गेल्यावर मी त्याची निबंधाची वही उघडली. लाल शाईचे पेन हाती घेतले आणि त्या एका वाक्यात एकच दुरुस्ती केली. 'चालतात' हा शब्द खोडून त्याच्या जागी मी लिहिले : 'चालत असत'.

शब्दार्थ

नाद – (१) आवाज, (२) छंद; गवसणी – वाद्यावर घालावयाचे कापडी आवरण; टाहो – आक्रोश, मोठ्याने केलेला विलाप; निमूटपणे – काही न बोलता; जवारी – तंबोऱ्याच्या तारेचा गुणगुणता, भरदार नाद; घोडी – तंतुवाद्यावरील, तारांना आधार देणारी पट्टी; उपस्वर – मूळ स्वराबरोबर उमटणारे सूक्ष्म स्वर; श्रुती – स्वरांमधील सूक्ष्म अंतर; तथ्य – खरेपणा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नातवाच्या निबंधाचा विषय कोणता होता?
(आ) 'आंग्रा' ह्या बँडमधील तरुण कोणत्या शहरातले होते?
(इ) शूबर्टची अपूर्ण रचना प्रथम कोणत्या साली जाहीरपणे वाजवली गेली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) निबंधातील वाक्य वाचून लेखकाने लाल पेन मिटून का ठेवले?
(आ) आगगाडी व डोंगर ह्यांच्या दृष्टांतातून लेखकाने काय समजावून दिले आहे?
(इ) तंबोरा आणि विजेवर चालणारी गिटार ह्यांत लेखकाला कोणते साम्य व कोणता भेद आढळला?

३. 'आक्षेप हा ऐकण्याच्या शेवटी यावा, आरंभी नव्हे.' ह्या विधानाचा अर्थ तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. वाक्यांत उपयोग करा : नावे ठेवणे, कान देणे, आडवा होणे, शब्द ओठांवर थबकणे.

५. (अ) 'चालतात' आणि 'चालत असत' ह्या क्रियापदांचे काळ ओळखा. लेखकाने ही दुरुस्ती का केली असावी?
(आ) पाठात 'नाद' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी आला आहे. ती वाक्ये शोधून लिहा.

६. उपक्रम : घरातील वडील माणसांना त्यांच्या आवडीचे एक गाणे विचारून ते दोन वेळा ऐका. पहिल्या व दुसऱ्या वेळी तुम्हांला काय निराळे जाणवले, ते दहा ओळींत लिहा.